रीमॅपने पिकअप वाढला, अ‍ॅव्हरेजचं काय झालं? एका १.६ टीडीआयचं प्रकरण

रीमॅप म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचं, ईसीयूचं, सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं. गाडी माझ्या आतेभावाची, त्याला इथे नुसतं दादा म्हणतो. नावं, दुकानं, गॅरेज कुणाचंच सांगणार नाही कारण मुद्दा त्यांचा नाहीच. सगळे आकडे दादाच्या डायरीतले आहेत. डायरी ठेवायला मी त्याच्या मागे लागलो होतो आणि शेवटी सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला.

पार्श्वभूमी

दादा कराडचा. ठिबक सिंचनाचं सामान आणि पंपाचे पार्ट्स पुरवतो. आठवड्यातून एकदा चिपळूण, पंधरा दिवसांतून एकदा पुणे, बाकी तालुक्यात इकडेतिकडे, असं महिन्याला साधारण १,५०० किलोमीटर रनिंग. गाडी २०१३ ची फोक्सवॅगन व्हेंटो, १.६ लिटर टीडीआय म्हणजे टर्बो डिझेल, आपल्या चाकणच्या प्लांटमध्ये बनलेली. कंपनीचे आकडे १०५ पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरच) ताकद ४,४०० आरपीएमला, आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, १,५०० ते २,५०० च्या मध्ये. पाच गियर, ५५ लिटरची टाकी. हे सुरू झालं २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, तेव्हा गाडीचं रनिंग ९६,००० झालेलं.

ही गाडी हायवेला खरंच सुंदर चालते, एकदा १,८०० आरपीएमच्या वर गेली की मग काय विचारू नका. पण डिकीत दीड-दोनशे किलो सामान आणि समोर घाट असला की तीच गाडी वेगळी वाटते.

अडचण काय होती

चिपळूणहून परत येताना पोफळीपासून वर हेळवाकपर्यंत कुंभार्ली घाट. हेअरपिन वळणावर सेकंडमध्ये गाडी वळवली की आरपीएम १,३००-१,४०० ला पडायचा, मग पाय पूर्ण दाबला तरी दोन सेकंद काहीच नाही, आणि नंतर एकदम झटका देऊन उचलायची. फर्स्ट टाकावा तर गाडी आचके देते. पुढे एसटी, मागे ट्रक, आणि मधे आपली गाडी श्वास घेतीये! भाचा गाडीत असला की प्रत्येक ट्रिपला त्याला उलटी, त्यामुळे वहिनींनी कुंभार्लीवरून यायचंच बंद केलं होतं.

दुसरी तक्रार अ‍ॅव्हरेजची. पूर्वी १९ च्या आसपास द्यायची, आता बिलं काढून हिशोब केला तर १७.६ किलोमीटर लिटरला. त्यात दादाने कुठेतरी जाहिरात बघितली, रीमॅप करा, ताकद ३० टक्के जास्त आणि अ‍ॅव्हरेजही १०-१५ टक्के जास्त. मला फोन केला, "एका दगडात दोन पक्षी आहेत रे, २८ हजार म्हणतोय, दोन वर्षांत डिझेलमध्येच वसूल होतील."

ताकदीचं पटण्यासारखं होतं, अ‍ॅव्हरेजचं मला तेव्हाच खटकलं, का ते पुढे सांगतो.

रीमॅपमध्ये नेमकं काय बदलतात

हे थोडं लांबेल पण याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. डिझेल इंजिनमध्ये पेट्रोलसारखं हवेचं भोक कमीजास्त करून ताकद ठरत नाही, किती डिझेल मारलं यावर ठरते. ईसीयूच्या आत तक्ते असतात, पाय एवढा दाबला आणि आरपीएम एवढा असला तर टॉर्क किती द्यायचा, त्यासाठी डिझेल किती, रेलचं म्हणजे इंजेक्टरला डिझेल पुरवणाऱ्या नळीचं प्रेशर किती, टर्बोने हवा किती दाबायची म्हणजे बूस्ट किती. वर दोन मोठे लगाम. एक टॉर्कची कमाल मर्यादा, गिअरबॉक्स आणि क्लच सांभाळायला. दुसरा धुराचा, म्हणजे हवा जेवढी आत आलीये त्या मानाने डिझेल जास्त होऊ द्यायचं नाही, नाहीतर काळा धूर. रीमॅप म्हणजे हे तक्ते आणि लगाम बदललेली फाईल परत ईसीयूत टाकणं, एकही पार्ट बदलत नाही. कंपनीने वेगवेगळी हवा, वेगवेगळं डिझेल, निष्काळजी मालक असं सगळं धरून राखून ठेवलेली जागा असते, ती आपण वापरतो.

आता २,५०० आरपीएमला २५० न्यूटन-मीटर म्हणजे साधारण ८९ पीएस. तिथेच ३२० केले तर ११४. फरक खरा आहे आणि सीटमध्ये पाठीला कळतो.

पण ८० च्या स्पीडने सपाट रस्त्यावर जाताना असल्या सेडानला लागतात किती? वाऱ्याचा आणि टायरचा विरोध मिळून १०-१२ पीएस! तिथे २५० ची मर्यादा ३२० केली काय आणि ४०० केली काय, आपण त्या मर्यादेच्या जवळपासही नसतो. रनिंगचा मोठा भाग जर असा निवांत पायाने जात असेल तर अ‍ॅव्हरेज वाढायला जागाच कुठाय? एकच मार्ग आहे, टॉर्क वाढल्यामुळे जिथे आधी गियर खाली टाकायला लागायचा तिथे वरच्याच गियरला गाडी ओढते, म्हणजे घाट आणि ओव्हरटेक. आणि टर्बोचं म्हणाल तर तो एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो, १,३०० आरपीएमला एक्झॉस्टचा वायूच पुरेसा नसतो, तो फाईलमधून येत नाही.

कुठले पर्याय होते

पहिला, काहीच करायचं नाही, वळणाच्या आधीच गियर टाकून आरपीएम वर ठेवायचा. दादा वीस वर्षं गाडी चालवतोय, त्याला हे सांगितल्यावर तो चिडलाच. दुसरा ट्यूनिंग बॉक्स, १५ हजारांच्या आसपास, तो रेल प्रेशरच्या सेन्सरचा सिग्नल मधेच बदलतो म्हणजे ईसीयूला प्रेशर कमी दिसतं आणि तो वाढवत राहतो. काढून टाकता येतो हे चांगलं, पण ईसीयूला कायम खोटं सांगत चालवायचं हे मला पटलं नाही. तिसरा गाडी विकून दुसरी घ्यायची, तेवढं बजेट नव्हतं. चौथा रीमॅप.

आणि पाचवा दादाच्या डोक्यात नव्हताच, की गाडी मुळात जशी असायला हवी तशी आहे का ते आधी बघायचं. ९६ हजार झालेल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज दीड किलोमीटरने पडलंय तर त्याला काहीतरी कारण असणारच ना.

पहिला निर्णय: आधी मिस्त्री

मी हट्टच धरला. कराडच्या मिस्त्रींकडे गेलो, त्यांनी बॉनेट उघडून एक मिनिट रेस देऊन ऐकलं आणि म्हणाले, "साहेब, गाडी वारं खातीया कुठंतरी. आधी हिचा दम कुठं फुटतोय ते बघूया."

इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) खालच्या होजला क्लॅम्पच्या अगदी काठाला चीर गेली होती, बोटभर. वरून दिसत नव्हती. हात फिरवला तर तेलकट काळं बोटाला लागलं, तेल बाहेर येतंय म्हणजे बूस्टही तिथूनच जातोय. टर्बो हवा दाबतोय आणि निम्मी रस्त्यातच सुटतीये. शिवाय एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळीचा थर आणि एअर फिल्टर राखाडी झालेला. होज, क्लॅम्प, ईजीआर साफ, दोन्ही फिल्टर, मजुरी धरून ६,८०० रुपये.

घाटातला लॅग, म्हणजे तो दोन सेकंदांचा उशीर, निम्मा तिथेच गेला, अंदाजाने नाही सांगत, दादा स्वतः म्हणाला की आता सेकंडला जीव आलाय.

इथे आमची पहिली चूक झाली. दुरुस्तीनंतर एकच टाकी मोजली, १८.४ आलं. एका टाकीवर काहीच ठरत नाही. पंपाचं नोझल आपोआप बंद (कट) झाल्यावर एक लिटर इकडेतिकडे झालं तरी ४० लिटरच्या फिलिंगमध्ये अडीच टक्के चूक, म्हणजे जवळजवळ अर्धा किलोमीटर. निदान चार टाक्या थांबायला हवं होतं. पण पुण्याची अपॉइंटमेंट घेऊन झालेली, दादाचा उत्साह, आणि मीही जोर लावला नाही.

दुसरा निर्णय: रीमॅप

डिसेंबर २०२२ च्या मध्याला पुण्यात. जायच्या आधी तीन गोष्टी मी लिहून घेतल्या होत्या. मूळ फाईलची कॉपी आम्हाला पेनड्राइव्हवर हवी. आधी आणि नंतर, एकाच डायनोवर (रोलरवर गाडी चालवून ताकद मोजणारं यंत्र), एकाच दिवशी रन हवा. आणि गाडीत सध्या कुठलं सॉफ्टवेअर आहे ते बघूनच फाईल बनवायची. हे शेवटचं का, तर दादाच्या गाडीत आहे त्या ईए१८९ मालिकेतल्या इंजिनांसाठी डिसेंबर २०१५ मध्ये भारतात सुमारे ३.२३ लाख गाड्यांचा रिकॉल जाहीर झाला होता आणि त्यात सॉफ्टवेअर बदलायचं होतं, त्यामुळे वरून सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांत आत वेगळं सॉफ्टवेअर असू शकतं. पुढे कधी सर्व्हिस सेंटरला अपडेट टाकला तर रीमॅप पुसला जातो हेही लक्षात ठेवायचं.

गाडी रोलरवर पट्ट्यांनी बांधली, पुढे मोठा पंखा, बॅटरीला चार्जर लावला कारण फाईल जाताना व्होल्टेज पडलं तर ईसीयू बंद पडू शकतो. पहिला रन, चाकांवर ९१ पीएस. मग फाईल टाकली आणि दुसरा रन, ११९. त्या दुसऱ्या रनला १,७०० पासून २,००० पर्यंत मागून काळ्या धुराचा गोळा आला, शटरच्या बाहेर गेला आणि शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला. ट्यूनर म्हणाला की डिझेल आहे, थोडा तर येणारच. मी म्हटलं, नको, तेवढं काढा. त्याने धुराचा लगाम थोडा आवळला, पुन्हा टाकली, ११७ आले आणि धूर बराच कमी. इंजिनवरचा टॉर्क तो ३२० च्या आसपास धरत होता.

ईजीआर फुकट बंद करून देतो म्हणाला. नाही म्हणालो. ईजीआर नायट्रोजन ऑक्साइड कमी करायलाच असतो आणि ते आपल्याच लेकराबाळांच्या नाकात जातात, काजळी साचते म्हणून तो बंद करायचा नसतो, साफ करायचा असतो.

पहिले सहा आठवडे

येताना खंबाटकी घाट पूर्ण फोर्थमध्ये चढली. दादाने मला वरून फोन लावला, बोलायला शब्द नव्हते त्याच्याकडे. कुंभार्लीला वळणानंतर झटका न देता सरळ उचलते. डॅशबोर्डवरचा डिस्प्ले तर अ‍ॅव्हरेज २२.४ दाखवत होता. दादाने फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

मी म्हटलं टाकी फुल करून मोज. १७.३ आलं. दोघांचाही विश्वास बसेना, पुढच्या दोन टाक्या १८.२ आणि १८.५.

हा डिस्प्लेचा प्रकार खूप जणांना माहीत नसतो म्हणून नीट सांगतो. गाडीत डिझेल मोजणारं मीटर नसतं. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवला आणि रेलला किती प्रेशर होतं यावरून ईसीयू हिशोब करतो की एवढं डिझेल गेलं. आता ट्यूनरने तोच तक्ता ताणला, म्हणजे ईसीयूला वाटतंय मी १० दिलं आणि प्रत्यक्षात गेलं १२, तर डिस्प्ले १० धरूनच अ‍ॅव्हरेज दाखवणार! रीमॅप केल्यावर अ‍ॅव्हरेज वाढलं म्हणून जे फोटो फिरतात त्यातले किती असे असतील. पंपावरचं बिल आणि ओडोमीटर, बाकी कशावर जाऊ नका.

पहिल्या टाकीचं १७.३ मात्र फाईलमुळे नव्हतं, उजव्या पायामुळे होतं. नवीन ताकद आली की माणूस ती वापरतोच.

क्लच

जानेवारी २०२३ च्या शेवटी, पुण्याहून कराडला येताना खंबाटकीला फोर्थमध्ये १,८०० ला दादाने पाय पूर्ण दाबला आणि आरपीएमचा काटा ३,००० ला गेला, स्पीड होता तिथेच. वर पोचल्यावर जळका वास, ओल्या गोणपाटाला आग लागल्यासारखा. क्लच घसरत होता.

यात गाडीचा दोष नाही. २५० न्यूटन-मीटरसाठी बसवलेला क्लच, त्यावर एक लाखाच्या वरचं रनिंग, घाटातलं आणि लोडचं, आणि त्याला आपण खालच्या आरपीएमला एकदम ३२० दिले. मिस्त्रींनी कोटेशन काढलं, क्लच सेट, ड्युअल मास फ्लायव्हील, मजुरी मिळून ४१,५०० रुपये. दादा दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

रीमॅपच्या आधी क्लचची परीक्षा घेणं पाच मिनिटांचं काम होतं, मोकळ्या रस्त्यावर फोर्थमध्ये १,५०० पासून पाय पूर्ण दाबायचा आणि काटा स्पीडच्या पुढे पळतो का बघायचं. मूळ ताकदीलाच क्लच काठावर आहे असं दिसलं असतं तर आम्ही क्रम उलटा ठेवला असता. हे ट्यूनरने विचारलं नाही, पण मी तरी विचारायला हवं होतं. ही चूक माझी.

तिसरा निर्णय: परत मूळ फाईल

लगेच क्लच टाकायचा का? मी सुचवलं की दोन महिने मूळ फाईलवर चालव, पैसेही जमतील आणि खरं बेसलाइनही, म्हणजे तुलनेचा मूळ आकडाही, मिळेल जे आपण आधी घेतलं नव्हतं. पेनड्राइव्हवरची फाईल इथे कामी आली. मूळ टॉर्कवर क्लच घसरायचा बंद झाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये चार टाक्या, एकच पंप, नोझल पहिल्यांदा कट झाला की थांबायचं, त्याच ट्रिपा. १८.५ ते १९.२ च्या मध्ये, सरासरी १८.८.

म्हणजे होज आणि फिल्टरनेच १७.६ वरून १८.८ झालं होतं.

एप्रिलमध्ये क्लच सेट टाकला आणि त्यानंतर ट्यूनरकडे पुन्हा गेलो. या वेळी मागणी वेगळी होती, टॉर्क २८५ च्या वर नको, १,९०० च्या खाली वाढ अगदी हळू दे, आणि इंजेक्शनचा तो तक्ता न ताणता सरळ टॉर्कच्या मर्यादेतून जेवढं मिळेल तेवढंच. पहिल्या फाईलमध्ये सगळी मजा १,७०० ला एकदम येत होती, आणि क्लचला मारणारी गोष्ट तीच होती. त्याने दुसऱ्या फाईलचे पैसे घेतले नाहीत, हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवं.

निकाल

दिवाळी २०२३ पर्यंत आठ टाक्या, सरासरी १९.१. डिस्प्ले आता १९.६ दाखवतो, म्हणजे मूळ गाडीत असतो तेवढाच फरक. फोर्थमध्ये ६० ते १०० जायला, दोन माणसं आणि सामान धरून, आधी साडेअकरा सेकंद लागायची, आता नऊ. हे मोबाइलवर स्पीडोमीटरचा व्हिडिओ काढून मोजलंय. पीयूसीत धुराचं रीडिंग पहिल्या फाईलला १.४ आलं होतं, आता १.१ आहे, बीएस४ ची मर्यादा १.६२. पण पीयूसी उभ्या गाडीला रेस देऊन होते, घाटात लोडवर मागे किती धूर निघतो ते त्यात कळतच नाही, म्हणून मी एकदा मुद्दाम दादाच्या मागे माझी गाडी घेऊन कुंभार्ली चढलो आणि डोळ्यांनी बघितलं. वळणातून निघताना फिकट पट्टा दिसतो, काळा गोळा नाही.

पैशाचं बघू. १८.८ वरून १९.१, महिन्याला १,५०० किलोमीटर, म्हणजे सव्वा लिटर वाचलं. तेव्हाच्या ९२-९३ रुपयांनी ११५ रुपये महिना. २८,००० वसूल व्हायला वीस वर्षं, आणि त्या ०.३ मध्ये नव्या क्लचचा वाटा किती आणि पंपाच्या चुकीचा किती हेही वेगळं काढता येत नाही. मिस्त्रींच्या ६,८०० नी मात्र महिन्याला साडेपाच लिटरच्या आसपास वाचवलं, म्हणजे ५०० रुपये, ते चौदा महिन्यांत निघाले.

तरी दादा खूश आहे, आणि मलाही ते पटतं. त्याला पैसे वाचवायचे होते असं तो म्हणत होता पण त्याला खरं हवं होतं ते घाटात निर्धास्त ओव्हरटेक, आणि ते मिळालं. वहिनी आता कुंभार्लीवरून येतात.

पुन्हा करायचं झालं तर

क्रम बदलला असता. आधी दुरुस्ती, मग चार टाक्या मोजणं, मग क्लचची परीक्षा, आणि त्यानंतरच रीमॅप हवाय का हा प्रश्न. मला वाटतं होज बदलल्यावर महिनाभर थांबला असता तर दादाने कदाचित रीमॅप केलाच नसता, त्याला विचारलं तर तो नाही म्हणतो. ट्यूनरकडे जाताना किती पीएस वाढतील हे विचारण्याऐवजी कुठल्या आरपीएमला किती टॉर्क देणार हे विचारलं असतं तर पहिल्याच वेळी दुसरी फाईल मिळाली असती.

आणि इन्शुरन्स. हे आम्ही सगळ्यात उशिरा केलं आणि सगळ्यात आधी करायला हवं होतं. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळे बदल करू देत नाही, आणि बदल न कळवता अपघात झाला तर क्लेम अडकू शकतो. पहिले सहा आठवडे दादा रोज गाडी चालवत होता आणि आमच्या दोघांच्याही हे डोक्यात नव्हतं, आठवलं की अजून पोटात गोळा येतो. क्लचच्या वेळी मिस्त्रींनी विचारलं, "इन्शुरन्सवाल्याला सांगितलंय का?" तेव्हा जाग आली. मग एजंटला लेखी कळवलं.

गाडी आता १ लाख १५ हजारांच्या पुढे आहे. मूळ फाईलचा पेनड्राइव्ह आरसी बुकच्याच पाकिटात ठेवलाय. विकायची वेळ येईल तेव्हा ती फाईल परत टाकून आणि घेणाऱ्याला डायरी दाखवूनच विकायची असं दादाने ठरवलंय.